मजुराचा शेतकरी : सलिनास खोऱ्यातील एक प्रयोग

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने ही म्हण रचली त्याच्या डोळ्यांसमोर जमिनीचा धनी होता, हे उघड आहे. दुसऱ्याच्या रानात रोजाने राबणाऱ्या माणसाला या तिन्ही पायऱ्यांवर कोठेच जागा नाही. तो दिवसभर शेतातच असतो. पण त्याला कोणी शेतकरी म्हणत नाही. अशा माणसाला शेतकरी होता येईल काय, आणि व्हायचे तर त्याला नेमके काय कमी पडते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला शेतमजुरीचा विषय निघाला की माझ्या मनात येई. त्या अनुषंगाने वाचन करीत असता अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात चाललेल्या एका प्रयोगाची माहिती मिळाली. मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांना शिक्षण देऊन स्वतंत्र सेंद्रिय शेतकरी करण्याचा हा प्रयोग आहे. तो कसा चालतो, त्याला कोठे यश येते आणि कोठे तो अडतो, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

खोरे आणि त्यातील माणसे

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, पॅसिफिक समुद्राजवळ सलिनास नदीचे खोरे आहे. सकाळी समुद्रावरून धुके येते, उन्हाळाही थंड असतो, जमीन काळीभोर आणि सपाट. कोबीसारखा गड्डा धरणारी सॅलडची भाजी (लेट्यूस), ब्रोकोली, फुलकोबी, पालक आणि स्ट्रॉबेरी यांना असे हवामान मानवते. म्हणून या खोऱ्याला 'जगाचे सॅलडचे भांडे' असे कौतुकाने म्हणतात. स्ट्रॉबेरी आपल्यालाही परकी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेली 'कॅमारोसा' ही जात महाबळेश्वरच्या मळ्यांतही लावली गेली आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर हे खोरे ठाऊकच असेल. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९०२ मध्ये सलिनास गावातच जन्मला आणि मजुरांची त्याने रंगवलेली दुनिया बरीचशी याच परिसरातील आहे.

हे भांडे भरण्याचे काम मात्र नेहमी बाहेरून आलेल्या माणसांनी केले. आधी चिनी, मग जपानी, फिलिपिनो, काही पंजाबी आणि पुढे प्रामुख्याने मेक्सिकन. यांपैकी जे मजुरीतून वर येऊन जमीन घेऊ लागले त्यांची वाट कायद्याने अडवली. नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परकीयांना जमीन विकत घेता येऊ नये असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये केला. त्याचा रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ च्या एका निकालाने भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरवल्यावर पंजाबी शेतकरीही त्याच्या कचाट्यात सापडले. तो कायदा १९५२ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. सांगायचा मुद्दा असा, की मजूर वर चढू शकला नाही याचे कारण त्याची आळशी वृत्ती हे नव्हते. वर चढणाऱ्याच्या पायाखालची शिडी काढून घेतली गेली होती.

१९४२ ते १९६४ या काळात दोन्ही सरकारांच्या करारानुसार मेक्सिकोतून 'ब्रासेरो' म्हणजे हातमजूर आणले जात. या बावीस वर्षांत असे सुमारे ४६ लाख करार झाले. माणूस हंगामापुरता यावा, हात चालवावेत आणि परत जावे, ही त्यामागची कल्पना. १७ सप्टेंबर १९६३ रोजी सलिनासच्या दक्षिणेस चुआलार गावाजवळ, मालमोटारीवर बाके ठोकून केलेली मजुरांची गाडी रेल्वेखाली सापडली आणि ३२ जण मृत्यू पावले. ज्या प्रयोगाची हकीकत मी सांगणार आहे त्याचे शेत याच गावाच्या परिसरात आहे.

शेतकऱ्याचा मजूर कसा झाला

या मजुरांना शेती शिकवायची म्हणजे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. कारण त्यांतले पुष्कळसे मुळात शेतकरीच होते. ओआहाका, मिचोआकान, ग्वानाह्वातो या प्रांतांत त्यांच्या घरची थोडीफार जमीन होती. मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात घेण्याची 'मिल्पा' नावाची त्यांची पद्धत फार जुनी आहे. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीने जमीन कसणाऱ्यांना देण्याचे वचन दिले आणि १९१७ च्या राज्यघटनेने गावाच्या सामाईक जमिनीची व्यवस्था मान्य केली.

या टप्प्यावर एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. गदर चळवळीतील क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्धा-नागपूरकडचे. मायदेशी परतणे अशक्य झाल्यावर ते मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले. पण त्यांचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम वेगळे आहे. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. क्रांतीने दिलेली जमीन हाती आली तरी ती फायद्याने कसण्याचे ज्ञान कोण देणार, हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात खानखोजे यांना भाकरी वाटताना दाखवले आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरास निवर्तले.

पुढे मात्र लहान मेक्सिकन शेतकऱ्याचे दिवस फिरले. १९९२ मध्ये राज्यघटनेतील जमिनीचे कलम बदलले. १ जानेवारी १९९४ पासून उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराचा करार अमलात आला आणि अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोच्या बाजारात येऊ लागला. घरचा मका विकून संसार चालेना, तेव्हा माणसे उत्तरेकडे निघाली. त्यांत मिश्तेक, त्रिकी अशा आदिवासी भाषा बोलणारे आणि स्पॅनिशसुद्धा जेमतेम जाणणारे अनेक होते. म्हणजे जो आपल्या रानात शेतकरी होता, तो सीमा ओलांडताच मजूर झाला.

संघटनेचा मार्ग

मजुराची स्थिती सुधारण्याचा पहिला मोठा प्रयत्न संघटनेच्या मार्गाने झाला. १९३५ च्या अमेरिकन कामगार कायद्यातून शेतमजुरांना मुद्दाम वगळले होते. १९६५ साली डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला आणि सीझर चावेझ यांची संघटना त्यात सामील झाली. चावेझ गांधीजींना मानत. १९६८ मध्ये त्यांनी अहिंसेच्या आग्रहासाठी २५ दिवस उपवास केला. १९७० मध्ये सलिनास खोऱ्यातील भाजीच्या मळ्यांत मोठा संप झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात चावेझ यांना सलिनासच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला. त्याच वर्षी आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली. वीतभर-हातभर दांड्याच्या त्या अवजाराने मजूर दिवसभर कमरेत वाकून राही; तो ताठ उभा राहिला की काम थांबले, हे मुकादमाला दुरून दिसे. तिच्यावरील बंदी हा माणुसकीचा मोठा विजय होता.

तथापि संघटनेने मजुरी वाढते, पाणी-संडासाची सोय होते, मान मिळतो. मजूर मजूरच राहतो. संघटनेचे कामच ते आहे, त्यात उणेपणा काही नाही. पण ज्याला मालकाकडून चांगली वागणूक नको, स्वतःचे रान हवे, त्याच्यासाठी वेगळी वाट लागते.

नावापुरते स्वातंत्र्य

अशी एक वाट मळेवाल्यांनीही काढली होती. मजुराला अर्धेलीने वाटा द्यायचा आणि 'आता तू स्वतंत्र शेतकरी' असे त्याला सांगायचे. स्ट्रॉबेरीच्या आणि काकडीच्या मळ्यांत ही पद्धत बरीच चालली. मजूर कागदावर स्वतंत्र झाला की अपघाताच्या भरपाईची आणि विम्याची जबाबदारी मालकावरून उतरते, ही त्यातली गोम. लोणच्याच्या काकडीच्या एका मळ्याविषयीचा असा खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८९ मध्ये त्याचा निकाल लागला. न्यायालयाने पाहिले ते असे : पेरणी कोणी ठरवली? मालकाने. खत-पाणी कोणी ठरवले? मालकाने. भाव कोणी ठरवला? घेणाऱ्या कंपनीने. मग तोडणी करणाऱ्या कुटुंबांनी निम्मा वाटा घेतला, एवढ्यावरून ती स्वतंत्र कशी? ते नोकरच आहेत, असा निर्णय झाला.

मला हा निकाल या सर्व विषयाची किल्ली वाटतो. शेतकरी कोणाला म्हणावे? कष्ट करणाऱ्याला म्हणावे तर मजुराइतके कष्ट कोण करतो? वाटा घेणाऱ्याला म्हणावे तर अर्धेलीवाला वाटा घेतोच. जो ठरवतो तो शेतकरी, असेच म्हणावे लागते. काय पेरायचे, केव्हा पेरायचे, कोणाला विकायचे, केव्हा थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार आणि ते ठरवण्याची समज या दोन गोष्टी मजुराजवळ नसतात. पहिली त्याला कोणी दिलेली नसते आणि दुसरी, पहिली नसल्यामुळे वाढलेली नसते.

'अल्बा'चे शेत

ही समज वाढावी म्हणून सलिनासजवळ १९८५ मध्ये एक ग्रामीण विकास केंद्र सुरू झाले. २००१ मध्ये त्याचे रूपांतर एका स्वतंत्र सेवाभावी संस्थेत झाले. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आद्याक्षरांवरून तिला 'अल्बा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये अल्बा म्हणजे पहाट. सलिनासच्या दक्षिणेला सुमारे १०० एकरांचे तिचे शेत आहे. त्याला सेंद्रिय प्रमाणपत्र आहे आणि त्याचे लहान-लहान तुकडे पाडलेले आहेत.

तेथील शिक्षणाचा क्रम दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी वर्गाची. शेतमजुरी करून उरलेल्या वेळात, म्हणजे संध्याकाळी आणि शनिवारी हे वर्ग भरतात आणि ते महिनोन् महिने चालतात. शिकवणे स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होते. माती, पाणी, कीड-रोग हे विषय तर असतातच; पण लागवडीचे वेळापत्रक, जमाखर्च, बाजारपेठ, कायदेकानू यांनाही तेवढेच महत्त्व असते. शेवटी प्रत्येकाने आपल्या भावी शेतीचा आराखडा लिहून काढायचा असतो : किती जागेत काय लावणार, खर्च किती, विकणार कोणाला.

दुसरी पायरी रानाची. वर्ग पुरा केलेल्याला संस्थेच्या शेतातील अर्धा एकराच्या आसपास तुकडा खंडाने मिळतो. सुरुवातीला खंड बाजारभावापेक्षा कमी असतो. दरवर्षी तो चढत जातो आणि जमीनही वाढवून मिळते. असे करीत चार-पाच वर्षांत माणूस पाच एकरांपर्यंत पोचतो. ट्रॅक्टर, अवजारे, पाण्याची व्यवस्था, माल थंड करण्याची खोली या गोष्टी सामाईक असतात, वापरील त्याने भाडे भरायचे. पुढे खंडाची सवलत संपते आणि शेतकऱ्याने बाहेर स्वतःची जागा शोधायची असते.

या रचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. अर्ध्या एकरात माणूस चुकला तर बुडत नाही आणि सावरतो. पाच एकरांत चुकला तर बुडतो, पण तोवर तो शिकलेला असतो. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला बांधलेला भोपळा हळूहळू लहान करीत नेतात, तसाच हा प्रकार.

वीस वर्षे स्ट्रॉबेरी तोडलेल्या बाईला फळ पिकल्याचे रंगावरून क्षणात कळते. तिला ते कोणी शिकवायला नको. पण तिला कधी कोणी सांगितलेले नसते की पेटी कितीला गेली. आता तिच्या स्वतःच्या रानात काय होते पाहा. समजा, एका पेटीला अडत्याकडून १२ डॉलर येतात. तोडणी, पेटी, थंड करणे आणि वाहतूक यांना ८ डॉलर लागतात. उरलेल्या ४ डॉलरांतून खंड, रोपे, ठिबक, खत आणि आच्छादनाचे प्लास्टिक यांचा खर्च निघायचा. ऐन हंगामात भाव ७ वर आला, तर तोडायचे की नाही? मजूर म्हणून तिचा हात सांगतो, पिकले ते तोड. हिशेब सांगतो, प्रत्येक पेटीमागे एक डॉलर खिशातून जातो. पण न तोडावे तर पिकलेले फळ रानात सडते, बुरशी येते आणि पुढच्या तोडीचेही नुकसान होते. मग देठ काढून गोठवण्याच्या कारखान्याला द्यावे काय? की थेट ग्राहकाच्या बाजारात न्यावे? हा निर्णय त्याच संध्याकाळी घ्यायचा असतो. एकट्या सराव केलेल्या हातांच्या बळावर तो घेता येत नाही.

दुसरे उदाहरण लेट्यूसचे. मळ्यात ही भाजी शेकडो एकर एकदम लावलेली आणि एकदम कापलेली मजुराने पाहिलेली असते. स्वतःच्या अर्ध्या एकरात त्याने तसेच केले तर सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात आणि लहान गिऱ्हाइकाला एवढे नको असतात. म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे लावायला शिकावे लागते. मोठ्याचे छोटे रूप म्हणजे लहान शेती नव्हे, तिचे गणितच निराळे, हा पहिला धडा.

सेंद्रियच का?

सेंद्रिय मालाला भाव जास्त मिळतो आणि थोड्या जागेत संसार चालवायचा तर भाव जास्त हवा, हे कारण तर आहेच. दुसरे कारण मजुरांच्या अंगावर बेतलेले आहे. १९९९ मध्ये बर्कली विद्यापीठाने सलिनास खोऱ्यातील सुमारे ६०० गरोदर स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रिया बहुतांशी शेतमजूर कुटुंबांतील होत्या. गर्भावस्थेत कीटकनाशकांचा अंश ज्यांच्या शरीरात अधिक आढळला, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी कमी असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोरपायरिफॉस या औषधाची कॅलिफोर्नियातील विक्री २०२० मध्ये थांबली. फवारलेल्या रानात जी माणसे वावरली, त्यांना बिनविषारी शेतीचे महत्त्व पुस्तकातून पटवावे लागत नाही.

स्ट्रॉबेरी हे तर फार लाडावलेले पीक. मोठ्या मळ्यांत लागवडीपूर्वी जमिनीत विषारी वायू सोडून तिच्यातले सारे जीवजंतू मारण्याची प्रथा होती. त्यासाठी वापरला जाणारा मिथिल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार तो स्ट्रॉबेरीच्या रानांतून २०१६ अखेर बाद झाला. सेंद्रिय शेतकऱ्याला असे एका झटक्यात काही करता येत नाही. तो पिकांची फेरपालट करतो. ब्रोकोलीची पाने-देठ जमिनीत गाडली की मर रोगाची बुरशी कमी होते, म्हणून स्ट्रॉबेरीआधी ब्रोकोली घेणे चांगले. लेट्यूस त्या रोगाला स्वतःच बळी पडतो, म्हणून तो आधी नको. हिवाळ्यात घेवड्याच्या जातीची पिके व राय हे धान्य पेरून ती गाडतात; आपल्याकडे ताग-धैंचा गाडतात तेच हे हिरवळीचे खत. फळ वेडेवाकडे करणाऱ्या ढेकण्यासारख्या किडीसाठी मध्येमध्ये लसूणघासाचे पट्टे ठेवतात. कीड घासावर जमते, मग यंत्राने ती शोषून घेतात. पाने खाणाऱ्या कोळ्यांवर त्यांनाच खाणारे दुसरे कोळी सोडतात. या सगळ्यात रोज रानात फिरणारी, पानाची खालची बाजू उलटून पाहणारी नजर लागते. ती नजर मजुराजवळ असते. येथे त्याचा जुना अनुभव, मिल्पाची आठवण, सारे कामी येते.

एक अडचण मात्र मोठी असते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे जमिनीत तीन वर्षे निषिद्ध रसायन घातलेले नसावे, तरच माल सेंद्रिय म्हणून विकता येतो. हे संपूर्ण देशासाठीचे नियम २००२ पासून अमलात आहेत. खंडाने जमीन घेणारा गरीब माणूस तीन वर्षे कमी भावावर कसा तगणार? अल्बाचे शेत आधीपासूनच प्रमाणित असल्यामुळे नवख्याला पहिल्या पिकापासून सेंद्रिय भाव मिळतो. माझ्या मते संस्थेने दिलेल्या मदतीत ही सर्वांत मोलाची, कारण ती दिसत नाही आणि भीक वाटत नाही.

कागद, कर्ज आणि बाजार

सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी दरवर्षी तपासणी होते. कोणते बी, कोठून आले, कोणते खत, केव्हा घातले, किती तोडले, कोणाला विकले, अशी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी लागते आणि ते कागद पाच वर्षे जपावे लागतात. २००६ मध्ये शेजारच्या परगण्यातील पालकातून रोगजंतू पसरून देशभर सुमारे दोनशे माणसे आजारी पडली, काही दगावली. त्यानंतर स्वच्छतेचे नियम कडक झाले आणि २०११ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला. नियम योग्यच आहेत. पण हजार एकरांच्या कंपनीत हे काम करायला कारकून असतात, तीन एकरवाल्याकडे स्वयंपाकघरातले टेबल असते. ज्याने शाळा तिसरी-चौथीत सोडली, त्याला खुरपणीपेक्षा ही वही जड जाते. म्हणून अल्बाच्या वर्गात वही लिहिणे हा शेतीचाच भाग मानला जातो.

कर्जाचेही तसेच. सेंद्रिय स्ट्रॉबेरीचा तोडणीसकट एकरी खर्च ५० हजार डॉलरांच्या वरही जातो. तारण नाही, पूर्वीचा हिशेब नाही, तर बँक उभी करीत नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेली 'कॅलिफोर्निया फार्मलिंक' ही संस्था लहान शेतकऱ्यांना जमीन शोधून देण्यास व पुढे कर्ज देण्यास पुढे आली. सरकारच्या शेतीखात्यानेही २०१३ पासून लहान कर्जांची योजना सुरू केली. पण सरकारी कर्ज नागरिकांना किंवा कायदेशीर कायम वास्तव्याचा हक्क असलेल्यांनाच मिळते. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख स्थलांतरितांना, त्यांत सुमारे ११ लाख शेतमजुरांना, असा हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली होती. नंतर आलेल्यांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

बाजाराच्या बाबतीत, शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्याची वाट कॅलिफोर्नियात १९७७ पासून मोकळी आहे. अल्बानेही काही वर्षे शिकाऊ शेतकऱ्यांचा माल एकत्र करून स्वतःच्या नावाने विकला. एकट्याची दहा पेटी फळे कोणी घेत नाही. वीस जणांची दोनशे पेटी झाली की गाडी येते.

पाच वर्षांनंतर

एवढे सगळे करून प्रश्न सुटला काय? नाही. पहिली अडचण जमिनीची. सलिनासच्या बागायती जमिनीचा खंड एकरी वर्षाला काही हजार डॉलर असतो आणि जमीनमालकाला दहा लहान कुळांपेक्षा एक मोठी कंपनी बरी वाटते. संस्थेच्या शेतातून बाहेर पडल्यावर कोणाला डोंगरउताराची, कमी पाण्याची जागा मिळते. कोणाला दूरच्या परगण्यात जावे लागते. काही जण पुन्हा मजुरीवर जातात. मार्च २०२३ मध्ये पाहारो नदीचा बांध फुटून गाव आणि शेते पाण्याखाली गेली. अशा वेळी लहान शेतकऱ्याच्या मागे काही उरत नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची. २०१८ च्या एका अहवालानुसार सलिनास व पाहारो खोऱ्यांत मिळून सुमारे ९० हजार शेतमजूर काम करतात. वर्ग पुरा करणारे वर्षाला काही डझन. उरलेल्यांसाठी संघटना, कायदा, घरे आणि रास्त मजुरी यांना पर्याय नाही. प्रशिक्षणाच्या यशोगाथा सांगून हा मुद्दा कोणी झाकू नये.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. स्ट्रॉबेरीला हात फार लागतात. शेतकरी झालेला मजूर तीन-चार एकर करू लागला की त्यालाही मजूर लावावे लागतात. काल ज्याच्या हाती पेटी होती, त्याच्या हाती आज हजेरीची वही येते. तो कसा मालक होईल? ज्या दिवशी भाव पडेल त्या दिवशी तो कोणाच्या मजुरीतून काटछाट करील? वर्गात हे शिकवता येईल की नाही, मला सांगता येत नाही. पण खरी परीक्षा येथेच आहे, असे मला वाटते.

या उणिवा मान्य करूनही प्रयोग निरर्थक ठरत नाही. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यात 'व्हिवा फार्म्स' ही याच तऱ्हेची संस्था निघाली, यावरून कल्पनेत जीव आहे हे दिसते.

आपल्या दृष्टीने

आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा झाली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली. ते मोठेच पाऊल होते. पण रोजाने राबणारा माणूस कूळ नव्हता. त्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. तो तेव्हाही बाहेर राहिला. आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत घरची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेली कुटुंबे आहेत. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कोयता घेऊन निघायचे. ओआहाकाच्या मका पिकवणाऱ्याची आणि त्यांची गोष्ट फारशी निराळी नाही.

अल्बाचा नमुना उचलून येथे लावावा असे मी म्हणत नाही. त्यांचे हवामान निराळे, बाजार निराळा, कायदे निराळे. पण त्या प्रयोगातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. नुसती जमीन दिली आणि बाजार, कर्ज, हिशेब यांची वाट दाखवली नाही, तर ती जमीन पुन्हा सावकाराकडे जाते. नुसते शिक्षण दिले आणि जमीन दिली नाही, तर शिकलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर जातो. या दोन्ही गोष्टी एकदम आणि बेताबेताने द्याव्या लागतात. खानखोजे यांनी मेक्सिकोच्या खेड्यांत जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्यांना हेच उमगले असावे.

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, आणि काहींच्या घरचे हात दुसऱ्याच्या शेतीत आहेत. पदवी घेऊन शेतीपासून लांब जाणे एवढाच शिक्षणाचा उपयोग असेल, तर ती म्हण उलटी झाली असे समजावे. हिशेबाची वही लिहिणे, करार वाचणे, कर्जाचा अर्ज भरणे, बाजारभाव समजून घेणे ही कामे आपल्याला येतात. सलिनासच्या मजुराला कमी पडत होते ते नेमके हेच. आपल्या गावातल्या राबणाऱ्या माणसाला ते देण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.